पाटणचे भास्कराचार्य आणि माझी साईन वेव्ह

मागच्या सेमिस्टरला माझा गणिताचा विषय राहिला. होस्टेलवर हे सगळ्यांना माहीत आहेच, तरी इथे लिहितो, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते. प्रश्न साधा होता. य = ३ साईन (२क्ष − ६०°) याचा आलेख काढा. मी काढला, चांगला गुळगुळीत काढला, पण लहर ६० अंशांनी उजवीकडे सरकवली. सरकायला हवी होती ३० अंशांनी. असं का, हे निकाल लागल्यावरही मला कळलं नव्हतं.

मी इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. लॅबमध्ये सीआरओवर रोज तीच लहर बघायची. नॉब फिरवला की ती उंच होते, दाटीवाटीने उभी राहते, बाजूला सरकते. आणि तीच कागदावर आली की माझी पेन्सिल थबकते! धुळे तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराने या भानगडीत पडायलाच नको होतं, असं मनात पक्कं बसलं. घरी जाऊन आबांना सांगायचं, की शिक्षण पुरे झालं, आता कपाशी बघतो. असं ठरवूनच बॅग भरली.

घरी पोहोचलो तर आईने वेगळंच ठरवलं होतं. आधी पाटणादेवीला जाऊन येऊ, मग काय ते बोलू. आमच्या घरात कुठलीही अडचण आली की पाटणादेवी! धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून साधारण १८ किलोमीटरवर गौताळा अभयारण्याचा डोंगर आणि डोंगराच्या कुशीत देवी. लहानपणापासून किती वेळा गेलो असेन, पण तिथल्या शिलालेखाकडे कधी धड पाहिलं नव्हतं. या वेळी आई ओटी भरत होती आणि मला काही काम नव्हतं, म्हणून पाहिलं. अक्षर काही लागलं नाही. पण हा लेख भास्कराचार्यांच्या घराण्याचा आहे, एवढं कळलं. परत आल्यावर घरी काहीच न बोलता मी जळगाव गाठलं आणि लायब्ररीत बसलो.

हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात भास्कराचार्यांच्या पिढ्या ओळीने दिल्या आहेत. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव. नऊ पिढ्या! घर म्हणजे एक कॉलेजच म्हणा ना.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. आपलं गाव त्यांनी सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं सांगितलं आहे. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी पाटणचा परिसर म्हणतात, कोणी बीड, कोणी विजापूर. त्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील महेश्वर. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती त्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडला आणि तिचा लग्नमुहूर्त टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ती येते फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, म्हणजे चारशे वर्षांनंतर. मला त्या गोष्टीपेक्षा गोलाध्यायातलं 'ज्योत्पत्ती' नावाचं प्रकरण जास्त भावलं. ज्या म्हणजे आपली साईन, आणि ज्योत्पत्ती म्हणजे ज्या काढायच्या कशा त्याची रीत. साईन हा शब्दसुद्धा आपल्या 'ज्या' आणि 'जीवा' वरूनच अरबी आणि लॅटिन असा फिरत फिरत आलेला आहे.

त्यांच्या ज्येची कमाल किंमत आपल्यासारखी १ नसते, ३४३८ असते. मला वाटलं, हा कुठला आकडा? नंतर उलगडलं. वर्तुळाच्या परिघाच्या कला २१,६००. त्यांना दोन पायने भागलं की त्रिज्या येते साधारण ३४३८ कला. म्हणजे कंस आणि ज्या दोन्ही एकाच मापात. आपण रेडियन वापरतो तोच विचार! जुन्या कोष्टकात काटकोनाचे २४ भाग करून पावणेचार अंशांच्या अंतराने २४ ज्या देत. पहिली २२५, दुसरी ४४९, शेवटची ३४३८. भास्कराचार्य तेवढ्यावर थांबले नाहीत. दर अंशाची ज्या काढायची रीत त्यांनी दिली. हातातल्या ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करा, कोटिज्येला (म्हणजे कोसाईनला) १० ने गुणून ५७३ ने भागा आणि ते मिळवा. झाली पुढच्या अंशाची ज्या.

रात्री होस्टेलची लाईट गेली होती, तेव्हा मोबाईलच्या उजेडात मी हे करून पाहिलं. ३० अंशांची ज्या १७१९, कोटिज्या २९७७. उत्तर आलं १७७०.७. मग कॅल्क्युलेटरवर साईन ३१ ला ३४३८ ने गुणलं. १७७०.७! रूम पार्टनरला उठवून दाखवलं. त्याने दोन शिव्या घातल्या आणि मग स्वतःच ३२ अंश काढत बसला.

आता माझ्या चुकीकडे येतो. भास्कराचार्यांनी आलेख काढलेले नाहीत, ती अक्षांची पद्धत युरोपात सतराव्या शतकात आली. पण लहर उंच-बुटकी करणं आणि सरकवणं हे काम त्यांना आकड्यांत रोजच करावं लागे, कारण सूर्य सारख्या वेगाने चालत नाही. सरासरी वेगाने तो जिथे असायला हवा, तिथून थोडा पुढे किंवा मागे असतो. सूर्याची चाल सगळ्यात मंद असते ती जागा म्हणजे मंदोच्च, आणि ते त्यांनी ७८ अंशांवर धरलं, म्हणजे मिथुन राशीत. सूर्याच्या स्थानातून मंदोच्च वजा करायचं. जे उरतं त्याला ते केंद्र म्हणतात. त्या केंद्राची ज्या घ्यायची आणि परिधीच्या प्रमाणात लहान करायची. सूर्याचा हा परिधी १३ अंश ४० कला. त्याला ३६० ने भागून ३४३८ ने गुणलं की कमाल फरक सुमारे २ अंश १० कला येतो.

आपल्या भाषेत लिहायचं तर सूर्याची दुरुस्ती = −२°१०′ साईन (क्ष − ७८°). हे लिहिलं आणि मी वहीकडे बघतच राहिलो. २°१०′ म्हणजे अँप्लिट्यूड. ७८° म्हणजे फेज शिफ्ट. पुढचं वजा चिन्ह म्हणजे लहर उलटी. आपल्या सिलॅबसमधलं अख्खं प्रकरण या एका ओळीत बसलं होतं! आणि लहर ७८ पासून का सुरू होते? कारण तिथे केंद्र शून्य होतं, सूर्य मंदोच्चावर असतो. म्हणजे आधी कंस कुठे शून्य होतो ते बघायचं, लहर तिथून काढायची. मग माझ्या पेपरातलं २क्ष − ६० कुठे शून्य होतं? क्ष = ३० ला! दोन महिने जे डोक्यात शिरत नव्हतं ते तिथे शिरलं. मी कंसातला आकडा बघून सरकवत होतो, शून्य बघून नाही. क्ष ला दोनाने गुणलंय म्हणजे कोन दुप्पट वेगाने धावतोय, त्याला ६० गाठायला ३० च पुरतात.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगतो. ग्रहाचा वेग दिवसभरसुद्धा सारखा नसतो, म्हणून त्यांनी त्या-त्या क्षणाचा वेग विचारात घेतला आणि त्याला तात्कालिक गती म्हटलं. ज्येमधला बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी वापरलं. ही दुरुस्ती जिथे कमाल असते तिथे तिच्यातला बदल शून्य असतो, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. साईन वेव्हचा माथा सपाट का, याचं हेच उत्तर. सगळं कॅल्क्युलस त्यांनी शोधलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी एक माणूस त्या दारापर्यंत पोहोचला होता, हे मात्र खरं. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, त्यांनी फलकयंत्र नावाचं वेळ मोजायचं यंत्रही तयार केलं. तरी सगळ्यात चांगलं यंत्र त्यांनी बुद्धीलाच मानलं. एका साध्या काठीने लांबच्या वस्तूची उंची आणि अंतर कसं काढायचं तेही दाखवलं.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला, तोही पंचांगाचं गणित सोपं व्हावं म्हणून. त्या वयातही शिकणाऱ्याचा त्रास कमी करायची धडपड!

पुढे मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चंगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला १२०७ मध्ये दान दिलं, पुढे त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही दिलं. शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातल्या कराचं उत्पन्न मठाला द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आठशे वर्षांपूर्वी, बाजारच्या पैशावर चालणारं गणिताचं होस्टेल होतं! मेस कशी होती, ते मात्र शिलालेखात नाही.

आबांना मी अजून काही बोललेलो नाही. पेपर पुढच्या महिन्यात आहे. पास होईनच असं छातीठोक सांगत नाही, पण गणित आपल्यासारख्यांसाठी नाही हे मनातून गेलं. ते इथल्याच डोंगरात शिकवलं जात होतं. तुम्ही कधी पाटणादेवीला गेलात तर दर्शनानंतर पाच मिनिटं त्या दगडासमोर थांबा. आणि ज्यांचा माझ्यासारखा विषय राहिलाय त्यांनी रात्री रूम नंबर १४ ला या. ३३ अंशांची ज्या अजून काढायची आहे.