लक्ष्मीबाईंचे सोवळे

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कविता आपल्यापैकी पुष्कळजणींनी लहानपणी पाठ केल्या असतील. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तकही आपल्याकडे आवडीने वाचले जाते. आज मी सांगणार आहे ते मात्र लक्ष्मीबाईंच्या चुलीविषयी आणि पाण्याच्या भांड्याविषयी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. वडिलांचे सोवळे फारच कडक. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरातली ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. शाळा तिने पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरी नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, पण आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनीही बळजबरी केली नाही. एका संसारात दोन धर्म नांदत होते, आणि त्याचा त्रास दोघांनाही होता.

पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनात विचार सुरू झाला. देवाने माणूस निर्माण केला, मग जाती कोणी केल्या? त्या माणसानेच केल्या असल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. एकदा पटले म्हणताच त्यांनी इतरांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला त्याला तेव्हा पाच वर्षे लोटली होती. त्या त्याच्यामागून ओढत गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी चालत गेल्या.

त्यानंतरचा त्यांचा धर्म कामातून दिसू लागला. अहमदनगरला प्लेग आला तेव्हा लोक आप्तांनाही सोडून पळत होते. लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, तरी निराधार मुलांना या घरात आसरा होता. पुढे बालकवी झालेला ठोंबऱ्यांचा मुलगाही या घरी लेकरासारखा राहिला. ज्या हातांनी एके काळी इतरांचा विटाळ टाळला, त्याच हातांनी परक्यांच्या मुलांना जेवू घातले.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पूर्ण केले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

सोवळ्याचे स्वयंपाकघर आता फारसे कुठे दिसत नाही. पण हळदीकुंकवाची आमंत्रणे करताना एखादे घर आपण न बोलता गाळतोच. तिची जात, तिचे वैधव्य, तिची गरिबी आपल्याला आड येते. लक्ष्मीबाईंना हे सोडायला काही वर्षे लागली, पण सोडल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. यंदाच्या आमंत्रणाची यादी करताना त्यांची आठवण ठेवूया.