मीराबेन

मीराबेन (मूळ नाव: मॅडलिन स्लेड, २२ नोव्हेंबर १८९२ – २० जुलै १९८२) ह्या महात्मा गांधींच्या ब्रिटिश शिष्या आणि भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्या होत्या. वर्धा जिल्ह्यातील सेगाव म्हणजेच आजचे सेवाग्राम येथील गांधीजींच्या वास्तव्याची पूर्वतयारी प्रामुख्याने त्यांनी केली.

पूर्वायुष्य
मॅडलिन यांचे वडील सर एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातील उच्चपदस्थ अधिकारी होते. त्यांच्या नेमणुकीमुळे किशोरवयात काही काळ मॅडलिन मुंबईस राहिल्या होत्या. परंतु तो मुक्काम साहेबी वस्तीतला असल्याने खऱ्या भारताशी त्यांचा संबंध आला नाही. त्यांना निसर्गाची आणि बीथोव्हेनच्या संगीताची विलक्षण ओढ होती. बीथोव्हेनवर लिहिणारे फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांना भेटण्यासाठी त्या स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह येथे गेल्या. रोलाँ यांचे गांधीजींवरील पुस्तक तेव्हा प्रसिद्धीच्या मार्गावर होते आणि गांधी हे नाव मॅडलिन यांना त्यांच्याकडूनच प्रथम कळले. पुस्तक प्रकाशित होताच त्यांनी ते एका दिवसात वाचून संपवले.

एक वर्षाची तयारी
पुस्तक वाचल्यावर त्यांनी लगोलग भारताच्या बोटीचे तिकीट काढले. मात्र आपला देह आणि सवयी त्या जीवनास योग्य नाहीत, हे लवकरच त्यांच्या ध्यानी आले व त्यांनी प्रवास वर्षभर पुढे ढकलला. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत बोलका निर्णय म्हणावा लागेल. कोणत्याही संस्थेने त्यांना अभ्यासक्रम आखून दिला नव्हता. तो त्यांनी स्वतःच आखला.

लंडनमध्ये त्या सूत कातणे व विणणे शिकल्या. तेथे कापसाची सोय नसल्याने सुरुवात लोकरीवर झाली. मद्य व मांसाहार सोडला. मांडी घालून बसणे आणि जमिनीवर झोपणे यांचा सराव केला. खुर्चीवर वाढलेल्या तिशीतल्या युरोपीय स्त्रीस ही साधी वाटणारी गोष्ट चांगलीच कठीण जाते. उर्दूची शिकवणी लावली. पॅरिसमध्ये भगवद्गीता व ऋग्वेदाचा काही भाग फ्रेंच भाषांतरांतून वाचला. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांबरोबर शेतात राबून अंगमेहनतीची सवय केली.

१९२४च्या सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. ते निर्विघ्न पार पडल्यावर मॅडलिन यांनी त्यांना पत्र लिहून २० पौंड पाठवले. पुढे आश्रमात येण्याची परवानगी मागितली, तेव्हा गांधीजींनी होकार दिला. पण आश्रमातील खडतर दिनक्रम व हवामान यांची कल्पनाही दिली. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या अहमदाबादेस पोहोचल्या. गांधीजींनी त्यांचे नाव मीरा ठेवले. त्यांनी केस उतरवले व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. वर्षभर शिकलेली उर्दू मात्र साबरमतीच्या गुजराती वातावरणात फारशी कामी आली नाही आणि त्यांना हिंदी नव्याने शिकावी लागली.

सिंदी आणि सेगाव
पुढील दहा वर्षांत मीराबेन खादीप्रचारासाठी देशभर हिंडल्या, १९३१च्या गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजींसोबत लंडनला गेल्या आणि तुरुंगवासही भोगून आल्या. १९३५मध्ये गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात मगनवाडीस होता. जवळच्या सिंदी गावात सफाईचे काम चाले. रस्त्याकडेची घाण रोज स्वतः उचलली, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तितकीच असे. मीराबेन त्या गावातच राहू लागल्या आणि नंतर आणखी आतल्या सेगावास गेल्या. तेथील मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. गावाला धड रस्ता नव्हता, टपालाची सोय नव्हती, हिवतापाचा उपद्रव कायमचा होता आणि अस्पृश्यता कडक पाळली जाई.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावी आले. खेड्यात एकट्याने राहावे अशी त्यांची इच्छा असल्याने मीराबेन जवळच्या वरोडा गावी झोपडी बांधून राहिल्या. ज्यांच्यासाठी देश सोडला, त्यांच्यापासून ठरवून दूर राहण्याची ही वेळ त्यांच्यावर अनेकदा आली. गांधीजींवरील अतिरिक्त अवलंबन त्यांनी सोडावे, असा गांधीजींचा आग्रह असे आणि त्याचा त्यांना फार त्रास होई. कातण्या-विणण्याप्रमाणे या गोष्टीची तयारी आगाऊ करता येण्याजोगी नव्हती. प्रत्यक्षात गांधीजी एकटे राहूच शकले नाहीत; माणसे जमत गेली व आश्रम उभा राहिला. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी मूळची मीराबेन यांची. तिच्या मातीच्या भिंतींवरील चरखा, ताडाची झाडे व ॐ ही उठावचित्रे त्यांनीच काढली आहेत. १९४०मध्ये सेगावचे नाव सेवाग्राम झाले.

उत्तरायुष्य
९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींसमवेत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील या स्थानबद्धतेत महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा या दोघांचेही मृत्यू त्यांनी पाहिले. सुटकेनंतर त्यांनी रुडकीजवळ किसान आश्रम व ऋषिकेशजवळ पशुलोक स्थापन केले. हिमालयातील बांज वृक्ष नाहीसे होऊन त्यांची जागा चीड घेत असल्याचा व त्यामुळे पूर वाढत असल्याचा इशारा त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभीच दिला. त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

जानेवारी १९५९मध्ये त्यांनी भारत सोडला आणि त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या परिसरात, बीथोव्हेनच्या भूमीत राहू लागल्या. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६०मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. ऑस्ट्रियातच त्यांचे निधन झाले.