अंगणातली भातुकली : ताराबाई मोडक यांचे स्मरण

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचे काम करावयास आल्या, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, १९१४ साली पदवीधर झालेल्या या विदुषीने राजकोटचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात मुलांमध्ये बसणे पसंत केले होते. पुढे १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार उभारला. एवढ्या कीर्तीवर त्यांना उर्वरित आयुष्य सुखाने घालविता आले असते.

भावनगरला त्यांनी आत्मसात केलेल्या माँटेसोरी पद्धतीत प्रत्येक साधनाचे काम ठरलेले असते. दट्ट्या त्याच्याच खाचेत बसतो, मनोऱ्याचा लहान ठोकळा मोठ्यावरच चढतो. लुटूपुटूच्या खेळापेक्षा खऱ्या कामाकडे मुलाचा ओढा असतो, अशी माँटेसोरीबाईंची धारणा होती. परंतु ती महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती असे आसपास विनामूल्य मिळणारे साहित्य बालवाडीत आणले.

याकडे निव्वळ काटकसर म्हणून पाहणे आम्हांला अपुरे वाटते. शिंपल्याला ठरलेली खाच नसते. भातुकलीत तो घटकेत ताटली होतो, घटकेत पळी, बाजार मांडला की नाणे आणि पाणी साचले की होडी. मातीच्या तीन गोळ्यांची चूल होते, तिच्यावर पानांची भाजी शिजते, आणि आई झालेली चार वर्षांची मुलगी पाहुण्याला अजून थोडी घेण्याचा आग्रह करते. वाढताना ती मोजते, बोलते, दुसऱ्याची भूक ओळखते. आपल्या पालकांना पुष्कळदा हा वेळ वाया गेला असे वाटते. पाटीवर अक्षर दिसले म्हणजेच शाळा झाली, अशी आपली समजूत. ज्या घरांना पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारले गेले त्यांची ही घाई आम्ही जाणतो, आणि तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. तथापि ज्याच्या घरी विकतचे एकही खेळणे नाही, त्या मुलालाही शिंपला हाती येताच आपण पोरके आहोत असे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

गावात बालवाडी निघाली, पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले तिथवर येईनात. (त्या काळच्या लिखाणात या वस्तीला जे नाव आढळते, ते आम्ही येथे वापरीत नाही.) अंतर पावलांचे नव्हते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवून त्यांना न्हाऊ-माखू घालावे, गाणी-गोष्टी सांगाव्यात, खेळू द्यावे, असा तो क्रम. साहित्य दारातच पडलेले असल्याने कपाट-कुलुपाची अडचण नव्हती. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांपर्यंत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पसरले. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी घराबाहेरचे पहिले पाऊल अशाच एखाद्या अंगणवाडीत टाकले आहे.