तोफ, हाडं आणि नाक : डॉ. काहाल

बारावीनंतर बायोलॉजी सुटली तेव्हा मी होस्टेलभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्यामुळे मी एका डॉक्टरवर लेख लिहितेय हे बघून माझी रूममेट अजून हसतेय. पण कारण आहे. माझा मामा गावी आंब्याच्या झाडावरून पडला. तेव्हापासून त्याचे पाय हलत नाहीत. मज्जारज्जू एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. हाताची नस कापली तर ती हळूहळू वाढते, मग पाठीतलीच का नाही? हे शोधत लायब्ररीत बसले आणि प्रत्येक पुस्तकात एकच नाव भेटलं, सांतियागो रामोन इ काहाल. (कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही मी ते इंग्रजी स्पेलिंग काजल असं वाचत होते!)

काहाल यांचा जन्म 1 मे 1852 चा, स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या खेड्यातला. वडील डॉक्टर आणि भयंकर कडक. मुलाला मात्र चित्रकार व्हायचं होतं. वडिलांनी त्याचं चित्र चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या एका कारागिराला दाखवलं. त्याने हे काही जमणार नाही म्हटलं आणि विषय संपला! आपल्यापैकी निम्म्या लोकांना ही स्टोरी ओळखीची वाटेल. पोरगं मात्र काही सरळ होईना. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याने लाकडाची तोफ बनवून शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि तीन-चार दिवस कोठडीत काढले. मग वडिलांनी त्याला न्हाव्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवलं. शेवटी 1868 च्या उन्हाळ्यात ते त्याला अ‍ॅनाटॉमी शिकवायला जुन्या स्मशानात घेऊन गेले, हाडं गोळा करायला. इथे मात्र गाडी रुळावर आली, कारण हाडांची चित्रं काढता येत होती.

1873 मध्ये ते डॉक्टर झाले. सैन्यातून क्युबाला गेले आणि मलेरिया घेऊन परत आले. साठवलेल्या पगारातून त्यांनी स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला. 1885 मध्ये कॉलऱ्याच्या साथीवर केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रशासनाने त्यांना एक उत्तम झाइस मायक्रोस्कोप भेट दिला.

खरी गंमत 1887 मध्ये झाली. माद्रिदला एका डॉक्टर मित्राच्या घरी त्यांनी पहिल्यांदा गोल्जींच्या पद्धतीने रंगवलेल्या चेतापेशी पाहिल्या. इटलीच्या कामिलो गोल्जींनी ही पद्धत 1873 मध्येच शोधली होती. चांदीच्या क्षारामुळे शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच पेशी काळ्या होतात, पण होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. काहाल यांनी ती सुधारली आणि मोठ्या प्राण्यांऐवजी पिल्लांचे, भ्रूणांचे मेंदू घेतले, कारण तिथे गुंता कमी असतो. गोल्जींच्या मते मेंदू म्हणजे एक सलग जाळं, आपल्या भाषेत सगळं वायरिंग एकत्र सोल्डर केलेलं. काहाल यांना दिसलं की प्रत्येक पेशी सुटी आहे, फक्त शेजारणीला टेकलेली. हे छापायला त्यांनी 1888 मध्ये स्वतःच्या खर्चाने त्रैमासिक काढलं. स्पॅनिश कोण वाचणार? म्हणून 1889 मध्ये ते स्लाइड्स घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले आणि मोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला मायक्रोस्कोपपाशी ओढून आणलं. स्विस शास्त्रज्ञ क्योलिकर इतके भारावले की त्यांनी काहाल यांचे लेख वाचायला स्पॅनिश शिकायला घेतली.

त्यांच्या सर्वात स्पष्ट पुराव्यांपैकी एक नाकाजवळ होता. नाकातल्या वासाच्या पेशींचे तंतू मेंदूच्या पुढच्या टोकाला, ऑलफॅक्टरी बल्बमध्ये जातात. तिथे लहान गोळ्यांमध्ये ते पुढच्या पेशीच्या फांद्यांना नुसते भेटतात, जोडले जात नाहीत. संदेश कुठून येतो आणि कुठे जातो, हेही तिथे उघड दिसतं. 1898 मध्ये काहाल यांच्याच त्रैमासिकात ब्लानेस यांनी याच बल्बच्या आधारपेशींचं, म्हणजे ग्लियांचं, वर्णन छापलं. तेव्हा त्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही.

1906 मध्ये नोबेल मिळालं, तेही गोल्जींसोबत वाटून. गोल्जींनी नोबेलच्या भाषणातही सलग जाळ्याचाच हट्ट धरला!

1913-14 मध्ये चेतासंस्थेची झीज आणि पुन्हा वाढ यावर काहाल यांचं जाडजूड पुस्तक आलं. मामाला मिळालेलं उत्तर तिथूनच निघालं. मोठ्या माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत वाटा ठरून गेलेल्या असतात, तिथे तुटलेलं मरतं, नवं येत नाही. पण पुढचा भाग लोक सांगतच नाहीत. हा निर्णय बदलता आला तर पुढच्या विज्ञानाने बदलावा, असंही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं. त्यांचे विद्यार्थी तेयो यांनी 1911 मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तर मेंदूतले तंतू त्यात शिरले. म्हणजे दोष तंतूंचा नाही, जागेचा! दार बंद केलं म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांनी ते फटीएवढं तरी उघडं ठेवलं होतं.

17 ऑक्टोबर 1934 ला ते माद्रिदमध्ये गेले. पुढचं त्यांना बघायला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. वासाच्या पेशी आयुष्यभर मरतात आणि नव्या येतात, त्यांचे तंतू नाकातून थेट मेंदूत शिरतात. या तंतूंना गुंडाळून वाट दाखवणाऱ्या पेशी म्हणजे त्याच दुर्लक्षित ग्लिया. 1985 मध्ये लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी हे नीट मांडलं. 1994 मध्ये स्पेनमध्येच, काहाल यांच्या मायदेशात, आल्मुदेना रामोन-क्वेतो यांनी या पेशी उंदरांच्या मज्जारज्जूत घातल्या आणि कापलेले तंतू आत वाढले. पोलंडमध्ये 2012 साली एका रुग्णाचा ऑलफॅक्टरी बल्ब काढून त्यातल्या पेशी वाढवून त्याच्या मज्जारज्जूत सोडल्या. तुटलेल्या जागी घोट्याजवळच्या नसेच्या पट्ट्यांचा पूल बांधला. 2014 मध्ये बातमी आली की तो आधाराने चालतो. पण तो एकच रुग्ण होता, व्यायामही प्रचंड केला होता, त्यामुळे श्रेय नक्की कशाचं यावर वाद आहे. नेहमीचा उपचार म्हणून हे आजही मिळत नाही.

हे सगळं, वादासकट, मी मामाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तीस वर्षं तपकीर ओढलेल्या नाकातल्या पेशी त्या लोकांना चालतील का.