शनीवरून आलेला वादक

शनी हे नाव आपल्याकडे कुणी हौसेने घेत नाही. साडेसाती, शनिवारी मारुतीला वाहायचे तेल आणि पंचांगातले एखादे पान, एवढ्यात आपला त्या ग्रहाशी असलेला संबंध संपतो. अमेरिकेत मात्र एक वादक असा होऊन गेला, की जो आपण मूळचे शनीवरचे आहोत असे उभ्या आयुष्यात गंभीर चेहऱ्याने सांगत राहिला. हा कृष्णवर्णीय गृहस्थ पियानो वाजवी, अंगात चमकणारे झगे घाली, डोक्यावर इजिप्तच्या राजासारखा मुकुट चढवी आणि वीस-वीस वादकांचा ताफा घेऊन रंगमंचावर येई. त्याचे नाव सन रा. ३० मे १९९३ रोजी तो गेला. त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ होते, ढोंगी म्हणणारेही होते. मला या दोन्ही शब्दांनी त्याचा उलगडा होत नाही. म्हणून आज त्याची गोष्ट सांगायची आहे.

त्याचे जन्मनाव हर्मन पूल ब्लाउंट. जन्म २२ मे १९१४, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात. ब्लॅक हर्मन नावाचा एक कृष्णवर्णीय जादूगार त्या काळी गाजत होता, त्याच्यावरून आईने मुलाचे नाव ठेवले. आईवडील वेगळे झाले, आणि मुलगा आजी व मावसआजीच्या मायेत वाढला. घरात त्याला सारे सनी म्हणत. दहा-अकराव्या वर्षी घरात पियानो आला आणि मुलाला आपली वाट सापडली. ड्यूक एलिंग्टन, फ्लेचर हेंडरसन यांचे वाद्यवृंद शहरात येत. हा मुलगा कार्यक्रम ऐकून घरी येई आणि ऐकलेल्या सगळ्या चिजा आठवणीने स्वरलिपीत उतरवून काढी. आपल्याकडे एकपाठी म्हणतात, तसाच हा प्रकार.

पण ते बर्मिंगहॅम होते. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. पाणी प्यायच्या जागा वेगळ्या, बसमधली आसने वेगळी. कृष्णवर्णीयांना निवांत बसून पुस्तके वाचता येतील अशा जागा शहरात मोजक्याच होत्या. कृष्णवर्णीय मेसन मंडळींचे ग्रंथालय हे त्यांपैकी एक. सनी तिथे तासन्‌तास बसे. बायबल, प्राचीन इजिप्त, गूढविद्या, जे हाती लागेल ते वाची. आपल्या लोकांचा इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू होत नाही, त्याच्या फार आधी पिरॅमिड बांधले गेले आहेत, हा विचार त्याच्या मनात तिथेच रुजला असावा.

१९३५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो महाविद्यालयात गेला आणि वर्षभरातच परत आला. त्या सुमारास आपल्याला शनीवर नेण्यात आले आणि शिक्षण सोडून संगीतातून जगाशी बोल असे सांगण्यात आले, असे तो पुढे सांगे. यावर विश्वास ठेवायची सक्ती कुणावरच नाही. परंतु यानंतर जे घडले ते कागदोपत्री नोंदलेले आहे. १९४२ मध्ये लष्करभरतीचा हुकूम आला तेव्हा त्याने शस्त्र धरायला नकार दिला. अलाबामातला एक कृष्णवर्णीय तरुण भर महायुद्धात न्यायाधीशासमोर उभा राहून सरकारला नाही म्हणतो, याची किंमत काय असेल ते सांगायला नको. त्याला तुरुंगात टाकले, मग पेनसिल्व्हेनियातल्या जंगलकामाच्या छावणीत पाठवले. लहानपणापासून त्याला एक वेदना देणारी व्याधी होती. तिच्यामुळे १९४३ मध्ये त्याची सुटका झाली. याच तरुणाने पुढे पृथ्वीशी आपले नाते नाकारले. मला तरी त्यात वेडेपणापेक्षा एक सरळ हिशेब दिसतो. जे घर आपल्याला माणसात धरत नाही, त्या घराचा पत्ता आपण तरी का सांगावा?

युद्ध संपल्यावर तो शिकागोला गेला. लहानपणी ज्याच्या चिजा लिहून काढल्या होत्या, त्या फ्लेचर हेंडरसनच्याच वाद्यवृंदात १९४६-४७ मध्ये त्याला पियानो वाजवायला मिळाला. २० ऑक्टोबर १९५२ रोजी त्याने रीतसर कायद्याने नाव बदलून ‘ल सोनियर रा’ असे केले. रा म्हणजे प्राचीन इजिप्तचा सूर्यदेव. मग स्वतःचा ताफा उभा केला आणि त्याला ‘आर्केस्ट्रा’ नाव दिले. आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचेच हे नाव, पण स्पेलिंग बदललेले. त्यात नोहाची नौकाही आली आणि रा देखील आला. प्रलयातून आपल्या माणसांना पार नेणारी नाव, असा तो अर्थ. १९५० च्या दशकातच अॅल्टन अब्राहम या मित्राबरोबर त्याने सॅटर्न नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. कृष्णवर्णीय कलावंताने स्वतःच्या कंपनीचे मालक व्हावे, ही गोष्ट त्या काळी विरळाच. तबकड्या थोड्याच निघत. पुष्कळ वेष्टने वादक मंडळी स्वतः हाताने रंगवत आणि कार्यक्रमाच्या ठिकाणीच विकत.

१९६१ मध्ये हा ताफा न्यूयॉर्कला आला आणि १९६८ मध्ये फिलाडेल्फियाला. तिथे मॉर्टन स्ट्रीटवरच्या एका घरात बरेचसे वादक एकत्रच राहत. ते घर ताफ्यातल्या मार्शल अॅलन या वादकाच्या वडिलांचे. एकत्र स्वयंपाक, एकत्र तालीम. तालमीला वेळेचे बंधन नसे, मध्यरात्रीही बोलावणे येई. दारू आणि अमली पदार्थ सन राला खपत नसत. एखाद्याने शिस्त मोडली तर त्याला कार्यक्रमात वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसवून ठेवले जाई. आपल्याकडच्या जुन्या गुरुगृहांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल.

या ताफ्याचे संगीत कसे होते हे कळायला १९७० सालचे एक ध्वनिमुद्रण ऐकावे. त्या वर्षी हा ताफा युरोपला गेला. १७ ऑक्टोबरला जर्मनीतल्या डोनाउएशिंगेन या लहान गावातल्या आधुनिक संगीताच्या महोत्सवात आणि ७ नोव्हेंबरला बर्लिनच्या जाझ महोत्सवात त्यांचे वादन झाले. वीसेक वादक आणि बरोबर नर्तकी. या दोन कार्यक्रमांची तबकडी ‘इट्स आफ्टर द एंड ऑफ द वर्ल्ड’ या नावाने जर्मनीच्या एमपीएस कंपनीने काढली. जगाचा शेवट होऊन गेला आहे आणि आपण त्याच्या पलीकडच्या वेळेत बसलो आहोत, असा त्या नावाचा भाव.

मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा पाचव्या मिनिटाला घरातून आवाज कमी करण्याची सूचना आली, आणि ती गैर नव्हती. आपल्या मैफलीत एक गायक राग विस्तारतो, बाकीचे साथ करतात. इथे दहा-बारा जण एकाच वेळी आपापला विस्तार करत असतात. ठरलेला ठेका नाही, ठरलेली सुरावट नाही. मार्शल अॅलनचा सॅक्सोफोन किंचाळतो, जॉन गिलमोर त्याला खालच्या अंगाने उत्तर देतो, तालवाद्यांचा पूर येतो. मधूनच जून टायसनचा स्वच्छ, ठाम आवाज वर येतो. सन राकडे रॉबर्ट मूग या तंत्रज्ञाने बनवलेल्या मिनीमूग या तेव्हाच्या अगदी नव्या विद्युत वाद्याचा नमुना होता. त्यातून तो वादळासारखे आवाज काढी.

दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. हा गोंधळ नाही. सन राने हाताने खूण केली की वीस माणसे एकाच क्षणी एकच प्रचंड आघात करतात, आणि दुसऱ्या खुणेला एकाच क्षणी थांबतात. असे थांबणे वर्षानुवर्षांच्या तालमीशिवाय साधत नाही. ही मुक्तता शिस्तीच्या पोटी जन्मलेली आहे. आणि मग तोच ताफा हेंडरसनच्या काळची एखादी जुनी नाचरी धून अशी वाजवी, की पायाने ठेका धरावा.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला जमेबरोबर नावे बाजूही पाहायची सवय आहे. या नौकेचे भाडे कुणी भरले? जॉन गिलमोर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ताफ्यात आला. खुद्द जॉन कोल्ट्रेनसारखा दिग्गज त्याच्या वादनाने प्रभावित झाला होता. १९६४ च्या सुमारास काही काळ तो आर्ट ब्लेकीच्या नामांकित ताफ्यात वाजवून आला, नाव आणि पैसा दोन्ही समोर होते. तरी तो परतला आणि शेवटपर्यंत सन राच्या डाव्या-उजव्याला बसून राहिला. कोल्ट्रेनचे नाव जगाला ठाऊक झाले, गिलमोरचे जाणकारांपुरते उरले.

पॅट पॅट्रिकची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. हा बॅरिटोन सॅक्सोफोनचा वादक संगीतासाठी शिकागोतले घर सोडून न्यूयॉर्कला निघून गेला, तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. मागे आईने हलाखीत मुले वाढवली. तो मुलगा, डेव्हल पॅट्रिक, शिकून वकील झाला आणि २००७ ते २०१५ अशी आठ वर्षे मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर होता. मुलाने श्रीमंत गोऱ्यांच्या निवासी शाळेत जाण्याला याच बापाचा विरोध होता. त्याला भीती वाटे, की मुलगा आपली मुळे विसरेल. बाप शनीच्या नौकेत, मुलगा राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर. दोघेही बर्मिंगहॅमसारख्या शहरांनी नाकारलेली जागाच शोधत होते, पण त्यांच्या वाटा एकमेकींना छेदत गेल्या. घर सोडून मोठ्या कामाला लागलेल्या माणसांच्या चरित्रांत हे पान नेहमी असते, आणि ते आपण भराभर उलटतो. ते उलटू नये असे मला वाटते.

सन राला मान मिळाला तो उशिरा. १९७१ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला व्याख्याता म्हणून बोलावले. त्याच वर्षअखेर तो इजिप्तला जाऊन आला, ज्या देवाचे नाव घेतले होते त्याच्या भूमीत वाजवून आला. १९८२ मध्ये अमेरिकी सरकारच्या कला निधीने त्याला जाझमधला सर्वोच्च सन्मान दिला. १९९० मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरी चाकाच्या खुर्चीत बसून तो वाजवत राहिला. शेवटी त्याला बर्मिंगहॅमला बहिणीकडे आणले. ज्या शहराचे नाव तो टाळत आला होता, तिथेच त्याने डोळे मिटले, तिथल्याच मातीत त्याला पुरले.

नौका मात्र बुडाली नाही. पुढे गिलमोरने ताफा सांभाळला. १९९५ मध्ये तो गेल्यावर मार्शल अॅलनने सूत्रे घेतली. १९५८ साली आलेल्या या माणसाने मे २०२४ मध्ये वयाची शंभरी पूर्ण केली, आणि २०२५ मध्ये स्वतःच्या नावावरची पहिली तबकडी काढली. स्वतःच्या नावासाठी शंभर वर्षे थांबलेल्या माणसाला आपण काय म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. सन रा शनीवरून आला होता की नाही याचा निकाल कधीच लागणार नाही. पण ज्यांना पृथ्वीवर नीट बसायला जागा दिली गेली नव्हती, अशा काही माणसांना त्याने हक्काचे एक आसन मिळवून दिले, आणि ते टिकवण्यासाठी त्या माणसांनी, त्यांच्या घरच्यांनीही, आपले आयुष्य वेचले, एवढे मात्र खरे.