घड्याळाशी शर्यत लावणारा नुर्मी

शर्यत सुरू झाली की आपल्यातले पुष्कळजण पहिल्या फेरीतच जीव खाऊन पळतात आणि तिसऱ्या फेरीला पोट धरून खाली बसतात. (मीसुद्धा त्यातलाच!) म्हणून या वेळी पाव्हो नुर्मीची माहिती लिहिली आहे.

नुर्मीचा जन्म १३ जून १८९७ रोजी फिनलंड देशातील तुर्कू शहरात झाला. वडील सुतारकाम करीत. १९१० साली ते वारले. आई लोकांकडे साफसफाईची कामं करू लागली. पाव्होची शाळा सुटली. तो एका बेकरीत कामाला लागला. भरलेली हातगाडी चढावर ढकलत न्यायची, हे त्याचं काम. पाठीला आणि पायांना बळ आलं ते त्या गाडीमुळेच, असं तो पुढे सांगत असे. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्याच देशाच्या कोलेहमाइननने तीन सुवर्णपदके जिंकली. ते ऐकून या पोराने पळायचे बूट विकत घेतले!

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ५००० मीटरला तो जोरात पुढे पळाला. पण शेवटी फ्रान्सच्या गियमोने त्याला मागे टाकले. काही दिवसांनी १०,००० मीटरला त्याने दम राखून ठेवला आणि त्याच गियमोला हरवले. पुढे तो हातात स्टॉपवॉच घेऊनच धावू लागला. दुसरे पळोत की थांबोत, आपली प्रत्येक फेरी ठरलेल्या वेळात झाली पाहिजे, एवढंच तो बघायचा. सुरुवातीला उधळायचं नाही आणि मध्ये रेंगाळायचंही नाही.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० आणि ५००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, दोन तासांच्या आत होत्या. नुर्मीने आधीच, १९ जूनला, हेलसिंकीत तासाभरात दोन्ही अंतरे धावून पाहिली. दोन्हीत जागतिक विक्रम झाले!

१० जुलैला तो १५०० मीटर जिंकला. आता हा दमलेला असणार, असं समजून त्याच्याच देशाचा रितोला आणि स्वीडनचा विदे यांनी ५००० मीटरला सुरुवातीपासूनच वेग वाढवला. नुर्मी घाबरला नाही. घड्याळ बघत आपल्याच चालीने धावत राहिला. तिथली फेरी ५०० मीटरची, म्हणजे एकूण १० फेऱ्या. गणित केलं तर एका फेरीला सरासरी ८७ सेकंद पडतात. शेवटी गाठ माणसांशीच आहे हे ओळखून त्याने घड्याळ गवतावर फेकून दिलं आणि रितोलाला फक्त ०.२ सेकंदाने हरवलं. वेळ १४ मिनिटे ३१.२ सेकंद.

दोन दिवसांनी माळरानावरची शर्यत झाली. ऊन एवढं कडक, की ३८ जण धावले त्यातले १५ च शेवटपर्यंत पोचले. पहिला नुर्मी! त्या ऑलिंपिकमध्ये त्याला पाच सुवर्णपदके मिळाली. तिन्ही ऑलिंपिक मिळून ९ सुवर्ण आणि ३ रौप्य.

१९३२ साली त्याला मॅरेथॉन धावायची होती. पण धावण्याचे पैसे घेतले असा ठपका ठेवून बंदी घातली. त्या काळी ऑलिंपिकला हौशी खेळाडूच चालत. मला तर हे काही पटत नाही.

१९५२ साली ऑलिंपिक हेलसिंकीत भरले. मशाल घेऊन मैदानात कोण आला? ५५ वर्षांचा नुर्मी! त्याला बघायला देशोदेशीचे खेळाडू रांगा मोडून कडेला धावले. २ ऑक्टोबर १९७३ रोजी हेलसिंकीतच तो वारला.