रिकाम्या दालनातील मैफल : मायरा हेस

मायरा हेस यांचा जन्म दि. २५ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांचे पियानोशिक्षण सुरू झाले. पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये टोबायस मॅथे यांच्यासारखे साक्षेपी गुरू त्यांना लाभले. १९०७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनची रचना वाजवून त्यांनी रसिकांसमोर पदार्पण केले. तरीही कीर्ती लगेच लाभली नाही. अनेक वर्षे शिकवण्या करीत त्यांनी साधना अखंड ठेवली. १९२२ पासून अमेरिकेतही त्यांचे नाव झाले.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच लंडनमधील नाट्यगृहे व संगीतगृहे बंद झाली. रात्री शहर अंधारात बुडे. कलावंतांची उपजीविकाच थांबली. मायरा यांनी अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द केला. नॅशनल गॅलरी या संग्रहालयातील चित्रे सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलविली गेली होती. तेथील रिकाम्या दालनात अधूनमधून मैफल करता येईल का, अशी विचारणा त्यांनी संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे केली. मैफल रोजच व्हावी, असे क्लार्क यांनी सुचविले.

दि. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिली मैफल मायरा यांनी स्वतः सादर केली. मोजकेच श्रोते अपेक्षित होते. आले सुमारे एक हजार. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजता, एक शिलिंग प्रवेशमूल्यात ही मैफल भरू लागली. नवोदित असो वा नामवंत, प्रत्येक कलाकारास मानधन सारखेच मिळे. मायरा यांनी तेथे सुमारे दीडशे वेळा वादन केले; मानधन मात्र कधी घेतले नाही. शिल्लक रक्कम गरजू संगीतकारांच्या साहाय्यनिधीस जाई.

बाँबवर्षाव सुरू झाल्यावर मैफल तळघरात भरू लागली. एकदा इमारतीत न फुटलेला बाँब आढळला. त्या दिवशी मैफल दूरच्या दालनात हलविली गेली, रद्द झाली नाही. युद्ध जर्मनीशी होते, तरी बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स यांना या कार्यक्रमांत मानाचे स्थान होते. कलेवर शत्रुत्वाची सावली पडू न देण्याचा हा निर्धार एका ज्यू स्त्रीने दाखवावा, याचे मोल विशेष आहे.

१९४१ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला. दि. १० एप्रिल १९४६ रोजी हा उपक्रम थांबला, तोवर १६९८ मैफली झाल्या होत्या आणि श्रोत्यांची संख्या आठ लाखांहून अधिक भरली होती. दि. २५ नोव्हेंबर १९६५ रोजी मायरा यांचे निधन झाले.

त्यांनी इमारत उभारली नाही, की कोठे स्वतःचे नाव कोरले नाही. ठरल्या वेळी दार उघडे असेल, हा शब्द मात्र साडेसहा वर्षे पाळला. त्या विश्वासावरच एका भयग्रस्त शहराचा रसिकसमाज एकत्र आला.